कॉलेजचा सेफ्टी एनएफएलमध्ये टिकेल का? नव्या प्रेक्षकासाठी पारख करण्याची पद्धत

अमेरिकन फुटबॉल नव्याने बघायला लागलेल्या माणसाला सेफ्टी, म्हणजे बचावातला सगळ्यात मागचा खेळाडू, टीव्हीवर धड दिसतच नाही. स्नॅपच्या आधी, म्हणजे चेंडू खेळात येण्याआधी, कॅमेरा आमनेसामने उभ्या दोन्ही लाइनवर असतो आणि हा गडी त्यामागे १२-१५ यार्डांवर, चौकटीच्या बाहेर उभा असतो. तो दिसतो एकतर इंटरसेप्शन केल्यावर (समोरच्याचा पास झेलल्यावर), नाहीतर त्याच्या डोक्यावरून टचडाउन गेल्यावर. सामन्यातल्या साठेक स्नॅपपैकी असे चार-पाच. तेवढ्यावरून मत बनवलं की एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तेव्हा, हमखास तोंडघशी पडायला होतं. बाकीचे पन्नास-पंचावन्न स्नॅप कसे बघायचे, ते इथे क्रमाने मांडलं आहे.

आधी काम ठरवा, मग माणूस बघा

नुसता ‘चांगला सेफ्टी’ असं काही नसतं. जुनी विभागणी दोन नावांची: फ्री सेफ्टी मागे थांबून खोल पास सांभाळणार आणि स्ट्राँग सेफ्टी पुढे येऊन धाव अडवणार. यादीत ही नावं अजून दिसतात, पण संघ आता सेफ्टीला चार ठिकाणी वापरतात.

पहिलं ठिकाण म्हणजे मधोमध एकटा, १२ ते १५ यार्ड मागे. कव्हर म्हणजे पास अडवण्याची मांडणी आणि पुढचा आकडा खोल भाग सांभाळणाऱ्यांचा; कव्हर १ आणि कव्हर ३ मध्ये हे काम लागतं. दुसरं, मागच्या दोघांपैकी एक. तो साधारण १० ते १२ यार्डांवर उभा राहून कव्हर २ मध्ये अर्धं मैदान, तर कव्हर ४ मध्ये, ज्याला क्वार्टर्स म्हणतात, पाव मैदान सांभाळतो. तिसरं ठिकाण बॉक्स, म्हणजे लाइनपासून ८ यार्डांच्या आत, जवळजवळ लाइनबॅकरच (लाइनच्या लगेच मागचा बचावपटू). आणि चौथं स्लॉट, आतल्या बाजूच्या रिसीव्हरसमोर, म्हणजे पास झेलणाऱ्यासमोर. आजचे बचाव स्नॅपच्या आधी दोघांना मागे दाखवतात आणि चेंडू सुटताच एकाला खाली सोडतात. त्यामुळे यातली किमान दोन कामं करणाऱ्याला भाव जास्त मिळतो. कागदावर पहिली नोंद हीच करा: कॉलेजने त्याला कुठे किती उभं केलं आणि एनएफएलमध्ये तो कुठे बसेल. ही दोन उत्तरं बऱ्याचदा वेगळी येतात.

२०१० चा ड्राफ्ट या बाबतीत आजही धडा म्हणून पुरतो. प्रशिक्षक पीट कॅरल यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) सोडून नुकतेच सिअॅटल सीहॉक्सकडे आले होते. टेलर मेज हा त्यांचाच कॉलेजमधला सेफ्टी होता: ६ फूट ३ इंच, २३० पौंड आणि ४० यार्ड ४.४३ सेकंदांत. शरीर बघून कुणीही हुरळून जावं असा. कॅरलनी १४ व्या क्रमांकावर टेक्ससचा ५ फूट १० इंचांचा अर्ल थॉमस घेतला आणि पाचव्या फेरीत, १३३ व्या क्रमांकावर, व्हर्जिनिया टेकचा कॅम चॅन्सलर. त्यांच्या कव्हर ३ ला मधोमध पल्ला (दोन्ही बाजूंना वेळेत पोचण्याची ताकद) असलेला एक आणि बॉक्समध्ये दणकट असलेला एक, असे दोघं हवे होते. दोघंही सीहॉक्सच्या गाजलेल्या बचावाचा कणा झाले. मेज ४९ व्या क्रमांकावर सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि नियमित खेळाडू म्हणून कधीच स्थिरावला नाही. ज्या प्रशिक्षकाने त्याला चार हंगाम रोज बघितलं होतं, त्यानेच त्याला सोडलं, हे विसरू नका.

कोणते सामने निवडायचे

यूट्यूबवरच्या निवडक क्षणांच्या फिती बाजूला ठेवा. त्यात चुका नसतात आणि सेफ्टीची पारख चुकांवरूनच होते. किमान चार पूर्ण सामने बघा. एक, वेळापत्रकातल्या सर्वांत चांगल्या पासिंग संघाविरुद्धचा. दुसरा, सतत धावणाऱ्या संघाविरुद्धचा. वेळापत्रकात आर्मी, नेव्ही किंवा एअर फोर्स असेल तर तोच घ्या, कारण त्यांचा ऑप्शनचा खेळ (चेंडू कुणी घेऊन पळायचं हे पास टाकणारा क्वार्टरबॅक ऐनवेळी ठरवतो) सेफ्टीच्या डोळ्यांची शिस्त उघडी पाडतो. तिसरा, दणकून हरलेला सामना. चौथा नोव्हेंबरच्या अखेरचा, जेव्हा खांदे दुखत असतात आणि टॅकलमध्ये (धावणाऱ्याला पाडण्यात) अंगचोरी शिरते.

व्यावसायिक स्काउट ऑल-२२ बघतात. म्हणजे उंचावरून घेतलेलं चित्रण, ज्यात २२ जण सतत दिसतात. कॉलेज सामन्यांचं असं चित्रण सामान्य प्रेक्षकाच्या हाती सहसा लागत नाही, त्यामुळे प्रक्षेपणावरच भागवावं लागतं. एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाचा, गुण मिळवायचा पट्टा) मागून दाखवलेला प्रत्येक रिप्ले थांबवून बघा. खोल पासवर कॅमेरा सरकतो, तेव्हा सेफ्टी चौकटीत कोणत्या बाजूने आणि किती वेगात शिरतो, तेही टिपा. अमेरिकेत शिकायला गेलेल्यांच्या हाती मात्र एक सोय आयती असते. बऱ्याच स्टेडियममध्ये विद्यार्थ्यांच्या जागा एंड झोनच्या मागे असतात. घरचे फोटो बघून त्या जागेला नावं ठेवतील, पण सेफ्टी बघायला, वरच्या रांगेत बसलात तर, याहून चांगली जागा नाही.

एक स्नॅप, चार वेळा

पहिल्यांदा फक्त स्नॅपच्या आधीचं बघा: किती यार्डांवर उभा आहे, हाताने खुणा करून कुणाला हलवतोय का, समोरचा रिसीव्हर जागा बदलतो तेव्हा हा गोंधळतो का. दुसऱ्यांदा त्याची पहिली दोन पावलं. तिसऱ्यांदा कंबर वळवणं आणि धावण्याचा कोन. चौथ्यांदा शेवट, म्हणजे टॅकल, चेंडूवर हात किंवा पाठलाग. तक्त्यात डाउन (कितवा प्रयत्न), पुढे न्यायचं अंतर, चेंडू कोणत्या हॅशवर (मैदानाच्या मधल्या भागातल्या खुणांच्या दोन रांगांपैकी एक), त्याची जागा, पहिलं पाऊल बरोबर की उशिरा की चुकीचं आणि शेवट, एवढे रकाने पुरतात.

नवखे लोक एका ठिकाणी हमखास फसतात. रिसीव्हर मोकळा सुटतो, सर्वांत जवळ सेफ्टी असतो आणि समालोचक त्याच्या नावाने बोटं मोडतो. पण बऱ्याचदा तो दुसऱ्याची चूक निस्तरायला धावलेला असतो. उशिरा पोचलेला माणूस दिसतो आणि मुळात जागा सोडलेला दिसत नाही. बचावाचा कोणता कॉल (ठरलेला डाव) होता हे कळत नसेल तर सरळ प्रश्नचिन्ह टाका. चार सामन्यांत चाळीस प्रश्नचिन्हं आली तरी चालतील, ओढूनताणून दिलेले गुण नकोत.

२०२४ पासून कॉलेजच्या वरच्या श्रेणीत बचावातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज ऐकू येतो आणि त्या हेल्मेटच्या मागे हिरवा ठिपका असतो. प्ले क्लॉकवर, म्हणजे पुढची खेळी सुरू करण्याच्या घड्याळावर, १५ सेकंद उरले की आवाज बंद. पुढचं त्यालाच सांभाळायचं असतं. हा ठिपका बहुधा लाइनबॅकरकडे जातो. सेफ्टीकडे दिसला तर ठळक नोंदवा, कारण प्रशिक्षकांचा त्याच्या डोक्यावर भरवसा आहे.

डोळे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. क्वार्टर्समध्ये सेफ्टीची नजर साधारणपणे बाहेरून दुसऱ्या रिसीव्हरवर असते. तो सरळ खोल धावला तर त्याला धरायचं. तो बाहेर वळला तर त्याला सोडून पहिल्या रिसीव्हरच्या मदतीला जायचं. नियम एका ओळीचा आहे आणि तो मोडायला लावणं हाच समोरच्याचा धंदा.

सगळ्यात जुना सापळा असा. आतला रिसीव्हर १२-१५ यार्ड पळतो आणि काटकोनात आत वळतो. त्याच वेळी बाहेरचा रिसीव्हर त्याच्या मागून पोस्ट धावतो, म्हणजे खोल जाऊन गोलपोस्टच्या दिशेने तिरपा. सेफ्टीला आत वळणारा माणूस समोर, हाताच्या अंतरावर दिसतो. तो पुढे झेपावला की त्याच्या पाठीमागची जागा मोकळी होते आणि कॉर्नरबॅक, म्हणजे बाहेरच्या रिसीव्हरवरचा बचावपटू, बाहेरच्या बाजूला अडकलेला असतो. पास डोक्यावरून जातो आणि सहा गुण. असा प्रसंग दिसला की सेफ्टीचे पाय बघा. चांगला गडी आतल्या रिसीव्हरकडे बघूनही पुढे झेपावत नाही. तो अर्धं पाऊल मागेच सरकत राहतो आणि मान फिरवून बाहेरच्याला शोधतो. एकदा फसला तर माफ. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याच सापळ्यात पुन्हा अडकला तर ते लिहून ठेवा.

मधोमध एकटा उभा असेल तेव्हा परीक्षा वेगळी. चार रिसीव्हर सरळ खोल सुटतात आणि त्यातल्या आतल्या दोघांच्या मध्ये हा एकटा. क्वार्टरबॅक मुद्दाम एकीकडे बघतो. तरबेज सेफ्टी नजरेच्या मागे पळत नाही; खांदा आणि पुढचा पाय कुठे वळतो त्यावर निघतो. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरचा चांगला क्षेत्ररक्षक चेंडू हवेत दिसण्याआधी, बॅटच्या आवाजावर पहिलं पाऊल टाकतो, तसंच. पल्ला ज्याला म्हणतात तो निम्मा पायात आणि निम्मा या पहिल्या पावलात असतो. मैदानाची रुंदी १६० फूट, म्हणजे मध्यापासून साइडलाइन ८० फुटांवर. अर्धा सेकंद उशिरा निघालेला माणूस कितीही वेगवान असला तरी पोचत नाही.

धावेच्या बहाण्याने टाकलेला पास, म्हणजे प्ले अॅक्शन, मोजायला सोपा आहे. अशा प्रत्येक खेळीत तो किती पावलं पुढे आला ते मोजा. एखाद-दुसरं पाऊल ठीक. चार पावलं आला तर त्याच्या पाठीमागे आता दहा यार्ड रिकामे आहेत.

मोकळ्या मैदानातला टॅकल

सेफ्टी चुकला की त्यामागे कुणी नाही. म्हणून टॅकल चुकण्याचं प्रमाण हा आम्ही मानतो तो एकमेव आकडा, तोही स्वतः मोजलेला. टॅकल केलेले अधिक चुकलेले यांची बेरीज करा आणि चुकलेल्यांचं प्रमाण काढा. १० टक्क्यांच्या आत असेल तर चांगलं. १५ च्या वर गेलं तर कारण शोधायलाच हवं.

कारणं बहुधा तीनच असतात. पहिलं, कोन. धावणाऱ्याच्या आत्ताच्या जागेकडे पळणारा सेफ्टी मागे राहतो. तो चार पावलांनी जिथे असेल तिथे पळायचं असतं, आणि तेही किंचित आतल्या बाजूने, म्हणजे त्याला साइडलाइनकडे ढकलता येतं. फार सपाट कोन घेतला की धावणारा आत कापून निघून जातो. दुसरं, वेग न सोडणं. शेवटच्या तीन यार्डांत पावलं छोटी व्हायला हवीत, कंबर खाली यायला हवी. तशाच वेगात धडकायला जाणारा माणूस एका हुलकावणीत गवतावर. तिसरं, हात न गुंडाळता नुसता खांदा मारणं. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, चित्रफितीत तोच टॅकल पहिला लावतात आणि त्याच सामन्यात आणखी दोन जण त्याच खांद्यावरून घसरून गेलेले असतात.

डोकं खाली घालून आदळणारा असेल तर दंड वेगळा. कॉलेजमध्ये टार्गेटिंग (डोक्याने किंवा डोक्यावर धोकादायक धडक) ठरलं तर १५ यार्ड आणि मैदानाबाहेर. एनएफएलने २०२४ पासून हिप-ड्रॉप टॅकलवरही बंदी घातली आहे, म्हणजे मागून धरून कंबर हवेत टाकत समोरच्याच्या पायांवर बसणं. मागून पाठलाग करणाऱ्या सेफ्टीला ही सवय सहज लागते, तेव्हा तीही बघा.

फसवे आकडे

इंटरसेप्शनची संख्या दरवर्षी लोकांना चकवते. सात झेलांपैकी किती दुसऱ्याच्या हाताला लागून उडालेले होते, किती क्वार्टरबॅक दबावाखाली असताना सुटले आणि किती त्याने स्वतः वाचून गाठले, हे प्रत्येक झेल बघून वेगळं करा. वाचून गाठलेल्यांवर विश्वास ठेवा. याउलट, संख्या कमी असलेल्याला लगेच नाकारू नका. क्वार्टरबॅक त्याच्या बाजूला टाकतच नसेल.

टॅकलचा मोठा आकडाही तसाच. सेफ्टीच्या नावावर एका सामन्यात १२ टॅकल असतील तर आधी बघा ते लाइनपासून किती यार्डांवर झाले. सगळे दहा यार्ड पुढे झाले असतील तर पाणी पुढच्या फळीत मुरतंय.

मैदान आणि नियम बदलतात

हा भाग बरेच लोक गाळतात. कॉलेजमध्ये दोन हॅशमधलं अंतर ४० फूट आहे, एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच. म्हणजे कॉलेजमध्ये चेंडू हॅशवर असला की एका बाजूला ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला १०० फूट मैदान. अरुंद बाजूला कायम उभा राहणारा सेफ्टी कॉलेजमध्ये बंदिस्त जागेत खेळतो. एनएफएलमध्ये चेंडू जवळपास मधोमध असल्याने दोन्हीकडे मोकळं मैदान मिळतं. त्याला रुंद बाजूला खेळताना बघितल्याशिवाय पल्ल्याबद्दल लिहू नका.

कॉलेजमध्ये पासच्या वेळी आक्रमणाची लाइन ३ यार्ड पुढे जाऊ शकते, एनएफएलमध्ये १ यार्ड. त्यामुळे कॉलेजमधल्या धाव-की-पास अशा दुहेरी खेळी सेफ्टीला जास्त फसवतात. तिथे एखाद-दुसरं चुकीचं पाऊल असेल तर थोडी सूट द्या. पास इंटरफिअरन्सचं, म्हणजे पास येताना रिसीव्हरला नियमबाह्य अडवण्याचं, मात्र उलट आहे. कॉलेजमध्ये दंड जास्तीत जास्त १५ यार्ड, एनएफएलमध्ये जिथे चूक झाली तिथे चेंडू. रिसीव्हरला ५ यार्डांपुढे धरून-ढकलून खेळणंही एनएफएलमध्ये चालत नाही. खोल पासवर हात लावायची सवय असलेला गडी कॉलेजमध्ये १५ यार्डांत सुटतो. वर तीच सवय ४० यार्डांना पडते.

कंबाइनचे आकडे कुठे धरायचे

इंडियानापोलिसला फेब्रुवारीच्या शेवटी, मार्चच्या सुरुवातीला कंबाइन, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्या, होतं. सेफ्टीसाठी ढोबळ कसोट्या अशा: उंची ५ फूट ११ ते ६ फूट १ आणि वजन २०० ते २१० पौंड, म्हणजे ९१ ते ९५ किलो, ४० यार्ड ४.५ च्या आसपास, शॉर्ट शटल (छोट्या अंतरात दिशा बदलत धावणं) ४.२ आणि तीन शंकूंभोवतीची फेरी ७ सेकंदांच्या जवळ, जागेवरून उडी ३६ इंच. मधोमध एकट्याने खेळणाऱ्यासाठी ४० यार्डांना वजन द्या. बॉक्स आणि स्लॉटसाठी पहिले १० यार्ड आणि शटल जास्त बोलतात.

पण आधी चित्रण, मग घड्याळ. उलट केलंत तर डोळे घड्याळाला हवं तेच बघतात. नोत्र देमचा काइल हॅमिल्टन २०२२ मध्ये ४.५९ धावला, १४ व्या क्रमांकावर बाल्टिमोर रेव्हन्सकडे गेला आणि २०२३ मध्ये ऑल-प्रोच्या, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात आला. अलाबामाचा झेव्हियर मॅकिनी ४.६३ धावला, ३६ वा निवडला गेला आणि २०२४ मध्ये ग्रीन बेसाठी ८ इंटरसेप्शन घेऊन ऑल-प्रो झाला. केव्हिन बायर्डला तर कंबाइनचं बोलावणंच नव्हतं; मिडल टेनेसीचा हा गडी २०१६ मध्ये ६४ वा गेला आणि २०१७ मध्ये तोही ऑल-प्रो. दुसऱ्या टोकाला कनेक्टिकटचा ओबी मेलिफोन्वू: ६ फूट ४ इंच, ४.४० सेकंद, ४४ इंचांची उडी. २०१७ मध्ये रेडर्सनी त्याला ५६ वा घेतला. दुखापती आडव्या आल्या आणि कारकीर्द मोजक्या सामन्यांतच आटोपली.

उंचीवरून कुणाला बाद करण्याआधी अँटवान विनफिल्ड ज्युनियर आठवा. ५ फूट ९ इंच, मिनेसोटात लागोपाठ दोन हंगाम दुखापतींनी अर्धवट, २०२० मध्ये ४५ वा. पुढे टॅम्पा बेकडून ऑल-प्रो. दुखापतींकडे बघताना एकच शरीरभाग पुन्हा पुन्हा जातो का हे तपासा. वेगवेगळ्या ठिकाणची मोडतोड ही बहुधा नशिबाची गोष्ट. वयही बघा. २१ व्या वर्षी चांगला खेळणारा आणि २४ व्या वर्षी तेवढाच चांगला खेळणारा, या दोघांना एकच गुण देऊ नका.

किंमत लावताना

या जागेला संघ लवकर पैसे मोजत नाहीत. २०२०, २०२१, २०२३ आणि २०२४ या चारही ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत एकही सेफ्टी गेला नाही. २०२४ मध्ये पहिला सेफ्टी टायलर नुबिन ४७ वा निघाला. म्हणून तुमच्या तक्त्यात पहिल्या फेरीचा शिक्का त्यालाच द्या, जो तीन जागा सांभाळतो, टॅकल चुकवत नाही आणि ज्याची नजर फसत नाही. दोन जागा आणि एखादा बरा होणारा दोष असेल तर दुसरी-तिसरी फेरी. एकच जागा, पण त्यात पक्का, तर चौथीच्या पुढे.

चौथ्या फेरीनंतरच्या मुलासाठी आणखी एक रकाना लागतो: स्पेशल टीम्स, म्हणजे किकच्या वेळी उतरणाऱ्या फळ्या. संघात ५३ जण असतात आणि सामन्याच्या दिवशी जास्तीत जास्त ४८ जण तयार ठेवता येतात. चौथा सेफ्टी त्या ४८ मध्ये बसतो तो पंटवर गनर म्हणून, म्हणजे लाथाडलेल्या चेंडूमागे सर्वांत पुढे, पळतो म्हणून. कॉलेजमध्ये त्याने हे काम केलंय का, की तारा झाल्यावर सोडून दिलं, हे बघा.

शेवटी अहवाल अर्ध्या पानाचा ठेवा आणि त्यात विशेषणं टाळा. ‘सामना वाचण्याची उत्तम क्षमता’ लिहून काही कळत नाही. ‘क्वार्टर्समध्ये आतल्या वळणावर चार सामन्यांत पाच वेळा परीक्षा, दोनदा पुढे झेपावला, दोन्ही पहिल्या अर्ध्यात, टॅकल ३१, चुकलेले ३, रुंद बाजूला फक्त १८ स्नॅप, पल्ल्याबद्दल मत राखून’ असं लिहा. सप्टेंबरमध्ये तो एनएफएलमध्ये उतरला की हाच कागद शेजारी ठेवून त्याचे पहिले तीन सामने बघा, कारण एनएफएलचं ऑल-२२ सशुल्क का होईना, प्रेक्षकालाही मिळतं आणि राखून ठेवलेली मतं तिथे निकाली काढता येतात.